डावी डावीकडे, उजवी उजवीकडे

नाही नाही, त्यांना हात लावू नकोस, त्या विकायच्या नाहीत — त्यांच्यात कोंबडी अंडी घालते. स्प्रिंगच्या आत कोंबडीला सुरक्षित वाटतं, का ते मला विचारू नकोस. इकडे ये, सावलीत. बस त्या टायरवर. तर काय म्हणत होतास — गाडी बसलीय. चारही बाजूंनी बसलीय की एकाच? — नुसती मान हलवू नकोस, ती हो होती की नाही? बरं, राहू दे. बसलीय ना, मग झालं. आणि सोमवारी तपासणी. लसींच्या पेट्या वाहायचं काम, दोन वर्षांचं, आणि तो तपासणीवाला म्हणे बॉनेटवर गवंड्याची पाणसळ ठेवतो — बुडबुडा मधोमध आला तर गाडी पास, नाही तर घरी. आणि नापास झाली तर मंगळवारी गाडी विकायची, आणि घेणारा ती चालवणार नाही, कापणार — दरवाजे एकीकडे, इंजिन एकीकडे. हे सगळं तू आत येता येता एका दमात सांगितलंस, नाव सांगितलंस बोनाया, आणि तेव्हापासून तोंड मिटून बसलायस. लाजू नकोस रे. इथे येणारा प्रत्येक जण आधी माझ्या पाठीमागे बघतो, आत कोणी पुरुष आहे का म्हणून. नाहीये. मीच आहे. गटविरीची आई म्हणतात मला, इसिओलोत कोणालाही विचार. चहा घे. — घे रे, चहाचे पैसे नाहीत. माझ्या दुकानात आधी चहा, मग स्प्रिंग. का, ते नंतर सांगते. आज साखर जरा जास्त पडलीय, तेवढी सोस.

आता ह्या बघ. चार स्प्रिंगा, चार शॉकअप, सगळं कंपनीचं. वापरलेलं आहे — पण वापरलेलं म्हणजे किती? नैरोबीत एक दातांचा डॉक्टर आहे. त्याने नवीकोरी लँड क्रूझर घेतली, त्यातलं जड मॉडेल, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला वाटायला लागलं की आपण वाळवंटात राहतो. कंपनीच्या स्प्रिंगा काढून टाकल्या, परदेशी लाल रंगाच्या घातल्या, गाडी जिराफासारखी उंच करून घेतली — आणि जातो कुठे? दवाखान्यात. दवाखान्यातून घरी. रविवारी गाडी धुवायला. त्याची बायको स्टुलावर चढून आत बसते म्हणे. अशी माणसं आहेत म्हणून माझं दुकान आहे, देवाने अजून पाठवावीत. ह्या स्प्रिंगांनी एक खड्डा पाहिलेला नाही, एक बकरी वाहिलेली नाही, शाळेत जाणाऱ्या पोरी आहेत ह्या. आणि जड मॉडेलच्या म्हणून, तुझ्या साध्या जीपला घातल्या की ती आपसूक तीन बोटं वर उठते, दगड पोटाला लागत नाही, मागे दहा पेट्या ठेवल्या तरी बूड टेकत नाही. नवीन काही घ्यायला नको, कापाकापी नको, जोडाजोडी नको. कंपनीनेच केलंय, कंपनीच्याच गाडीत बसतं. — थांब, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर कशाला? हा पाना घे, मार स्प्रिंगवर. मार! — ऐकलंस? घंटेसारखी वाजली. तडा गेलेली असती तर खोकली असती. आता हा शॉकअप उभा धर आणि दाब. खाली जाताना कुरकुर नको. आता सोड. बघ — सासू जेवणावरून उठते तसा, सावकाश, पण कोणाचा हात न धरता आपला आपण उठतोय की नाही? उठला नाही तर तो मेलेला. बाहेरच्या बाजारात तेल पुसून मेलेलेही विकतात, वरून काळा रंग मारून. मी रंग मारत नाही. आहे ते दाखवते. फक्त — फक्त एकदाच मी — जाऊ दे.

आता महत्त्वाचं ऐक. ह्या दोन पुढच्या. सारख्या दिसतात ना? सगळ्यांना तसंच वाटतं. शेजारी शेजारी उभ्या कर. ही बघ, बोटभर उंच आहे. का? चूक झाली कंपनीची? नाही. ड्रायव्हर बसतो त्या बाजूला वजन जास्त, म्हणून त्या बाजूची जरा उंच. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणून उंच ती उजवीकडे. सोपं. पण मोयालेच्या पलीकडे, सरहद्द ओलांडली की इथिओपियात सगळं उलटं, स्टेअरिंग डावीकडे. मग तिथल्या गाडीची उंच स्प्रिंग कुठली? डावी. बरोबर. आणि तिकडची जीप मोडीत निघाली, तिच्या स्प्रिंगा इकडे आल्या, त्यांवर लिहिलंय ही डावी, ही उजवी, आणि तू त्या तशाच्या तशा बसवल्यास, तर? तर उंच गेली रिकाम्या बाजूला आणि बुटकी आली ड्रायव्हरखाली. गाडी जन्मभर ड्रायव्हरच्या बाजूला कलून चालणार. स्प्रिंगला डावं-उजवं कळत नाही, पोरा. तिला फक्त ड्रायव्हरचं बूड कळतं. — हसलास! चला, तोंड उघडलं तर एकदाचं. पण हसू नकोस, एका माणसाला ही गोष्ट अकरा वर्षं कळलेली नाहीये. अकरा. आणि तो माणूस स्वतःला उत्तरेकडचा सगळ्यात शहाणा ड्रायव्हर समजतो.

सांगू? नको. — सांगते. पण कोणाला बोलायचं नाही. तू बोलण्यावरून मेर्तीकडचा वाटतोस, म्हणजे मग तू ती पाहिलीच असशील. वाकडी. गलगालोची वाकडी! निळी लँड क्रूझर, टपावर गाद्या, बकऱ्या, पिठाची पोती, दर गुरुवारी मेर्तीहून येते. पाहिलीस ना? बघ, मान हलली. कोण नाही पाहिली! लांबून धुळीत सगळ्या जीपा सारख्याच दिसतात, नुसती धूळच येताना दिसते, पण ती आली की आंधळ्यालाही कळतं, कारण धूळसुद्धा एका बाजूला कललेली असते. इथली पोरं रांगेत वाकडी उभी राहिली की मास्तर ओरडतात, 'ए गलगालो, सरळ उभा राहा!' आणि गाडीत कोणी कुठे बसायचं ह्यावरून मेर्तीच्या बायकांची भांडणं होतात, माहितीये तुला? कारण जाड बाईला तो डावीकडे बसवतो, तोल सांभाळायला. म्हणजे गलगालो गाडीपाशी उभा राहून बोट दाखवतो — तू इकडे, तू इकडे — आणि ज्या बाईकडे बघून 'डावीकडे' म्हणतो ती त्याच्याशी महिनाभर बोलत नाही. एकीने तर म्हणे उतरून सांगितलं, मी चालत जाईन पण डावीकडे बसणार नाही. दुधाचे कॅन तो काठोकाठ भरून घेत नाही, उजवीकडून सांडतात. आणि वर शेखी काय मिरवतो? म्हणतो, माझी गाडी मला सलाम करते, तुमच्या करतात का?

आता हे झालं कसं. इकियारा, माझा नवरा, जाऊन चार महिने झाले होते. दुकान त्याच्या नावाचं, पण स्प्रिंगा मी ओळखायचे. तो दारात बसून मिराचा झिंग आणणारा पाला चघळायचा आणि लोकांशी राजकारण बोलायचा. चांगला होता. पण स्प्रिंग आणि शॉकअप ह्यांत त्याला एवढंच कळायचं की एक गोल असते आणि एक लांब असतो. पण लोकांना वाटायचं, इकियाराला कळतं, आणि ही बाई त्याला चहा आणून देते. तर तो गेला आणि गिऱ्हाईक गेलं. चार महिने मी इथे बसून माश्या मारल्या. आणि मग गलगालो आला. उंच, डोक्याला फडकं, दाढी मेंदीने लाल — तेव्हा नुकतीच रंगवायला लागला होता. दारात उभा राहून म्हणाला, 'माणूस कुठाय?' मी म्हटलं, 'माणूस गेला. मी आहे.' 'मग दुसरीकडे बघतो.' 'बघा.' गेला. अख्खा बाजार फिरून दोन तासांनी परत आला, कारण त्याला हव्या त्या स्प्रिंगा फक्त माझ्याकडे होत्या, मोयालेहून आदल्याच दिवशी आलेल्या, सरहद्दीपलीकडच्या एका जीपच्या. त्यांवर पांढऱ्या रंगाने मीच लिहिलं होतं, 'डावी', 'उजवी'. ज्या बाजूने निघाल्या ती बाजू. एक अक्षर खोटं नाही, लक्षात ठेव. त्याने उचलल्या, वाजवल्या, खांद्यावर घेतल्या. आणि मी म्हणाले — म्हणाले बरं का, मी गप्प नव्हते बसले — मी म्हणाले, 'अहो, थांबा, एक सांगायचंय, ह्या गाडीचं स्टेअरिंग—' एवढंच. तोंड उघडंच होतं माझं. आणि त्याने हात असा केला, माशी हाकलतात तसा, आणि म्हणाला, 'बाई, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. तू रांगत होतीस तेव्हापासून मी गाड्या चालवतोय. तू चहाचं बघ.'

तीन माणसं होती दुकानात. तिघेही हसले.

मग मी काय केलं? मी चहाचं बघितलं. चौघांना चहा दिला, आल्याचा, चांगला उकळून, आणि एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून इथे आधी चहा, मग स्प्रिंग. तो स्प्रिंगा घेऊन गेला आणि पुढच्या गुरुवारी कलत कलत आला. मी ह्या इथे, ह्या टायरवर, तू बसलायस तिथे बसून एवढी हसले की गटविरीला वाटलं मी रडतेय. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले होते. आणि मला रांगत होते म्हणतो! आठच वर्षांनी मोठा आहे माझ्याहून. — मला कसं ठाऊक? ठाऊक आहे. माणूस चौकशी करतो. गावात राहायचं तर सगळ्यांची माहिती ठेवावी लागते.

आणि मिस्त्री! अरे, मिस्त्र्यांची गंमत तर ऐक. पहिल्याने शॉकअप बदलले. कललेलीच. दुसऱ्याने दोरी लावून चासी मोजली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक दिवस मोजली, आणि सांगितलं की चासी सरळ आहे, जमीनच वाकडी आहे. तिसऱ्याने टायरचा तुकडा कापून स्प्रिंगखाली घातला, तो पहिल्याच कोरड्या नदीत उडून बाहेर आला आणि एका बकरीला लागला. चौथा म्हणाला, तुम्ही बारीक व्हा. पाचवा म्हणाला नजर लागलीय. आणि एकालाही — एकालाही — ही डावी काढून उजवीकडे घालावी असं सुचलं नाही. का? कारण त्यांवर लिहिलंय ना, 'डावी', 'उजवी'! आणि कोणी लिहिलंय? गटविरीच्या आईने. आणि गटविरीच्या आईचं अक्षर आहे म्हटल्यावर ते चुकीचं कसं असेल? ह्यात मला अजून हसू येतं. तोपर्यंत माझं नाव झालं होतं ना. गिऱ्हाईक परत आलं होतं. जे मिस्त्री 'बाईला काय कळतं' म्हणायचे तेच आता म्हणत होते, तिने लिहिलंय म्हणजे तसंच असणार.

सांगणार होते मी. म्हणजे कधीतरी सांगणारच होते. पहिल्या वर्षी म्हटलं, येऊन नुसतं विचारू दे, सांगते. आला नाही. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता सांगितलं तर म्हणेल, एक वर्ष का गप्प बसलीस. तिसऱ्या वर्षी तर तोंडच नव्हतं सांगायला. असं होतं ना, एखादी गोष्ट वेळेवर बोललो नाही की ती तोंडात दगड होऊन बसते. आणि मग सवय झाली. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला ती यायची, गिरणीपाशी जरा हळू व्हायची, आणि माझ्या दारासमोर दोनदा भोंगा. गिरणीसमोर नाही, चहाच्या टपरीसमोर नाही, माझ्याच दारासमोर. शिव्या देत असणार, दुसरं काय. मी खांद्यावरचं कापड तोंडावर घेऊन हसायचे आणि मान फिरवायचे. नंतर नंतर चालायलाही तो तसाच लागला, एका बाजूला कलून. कमरेत धरतं म्हणे, अकरा वर्षं तिरकं बसून. गेल्या पावसानंतर जास्तच वाटलं मला — म्हणजे, सगळ्यांनाच वाटलं. तेव्हा नाही हसू आलं. आणि आता तीन गुरुवार झाले, आलाच नाही. काल चौथा. काल मी चारला चहा टाकला, पाचला ओतून दिला — कोंबडीला दिला, तिला नाही आवडला. आजारी आहे की काय, की रस्ता वाहून गेलाय, की—

मी हे काय बोलत बसलेय. तुझी गाडी कुठेय?

आण की पुढे. गिऱ्हाईक स्प्रिंग घ्यायला येतं ते गाडी दारात लावतं, मी खाली वाकून बघते, मग ठरतं. तू मघापासून अर्धा तास बसलायस, चहा संपवलास, दुसरा घेतलास, स्प्रिंगची किंमतही विचारली नाहीस. शॉकअप मी दाबायला सांगितला तेव्हा दाबलास, नजर माझ्या तोंडावर. कोण असं करतं? गाडी कुठे लावलीयस? — गिरणीच्या मागे? गिरणीच्या मागे कशाला, तिथे गाढवं बांधतात. दारात एवढी जागा आहे. लपवायला काय चोरीची आहे? — आणि तुझं नाव काय म्हणालास मगाशी? बोनाया. बोनाया काय? तुमच्याकडे पुढे बापाचं नाव लावतात ना, बापाचं नाव सांग. — जट्टानी. बोनाया जट्टानी. बरं. आणि जट्टानीच्या बापाचं?

जट्टानीच्या बापाचं, पोरा.

अरे देवा. अरे माझ्या देवा, दाढी रंगवलीस की तोच! तेच नाक! आणि मी मूर्ख, मी ह्याला साखर जास्त घालून चहा पाजतेय! उभा राहा. बस. नाही, उभा राहा — जरा बाजूने बघू दे. नातू. गलगालोचा नातू माझ्या टायरवर बसून सगळं ऐकतो, 'वाकडी पाहिलीस का' विचारलं तर मान हलवतो — पाहिलीय म्हणे, त्यातूनच आलाय! कोणी पाठवलं तुला? त्याने? काय सांगून पाठवलं? नाही, तुझ्या शब्दांत नको, त्याच्या शब्दांत सांग. जसं म्हणाला तसं.

'स्प्रिंग मागायची, चहा प्यायचा आणि गप्प बसायचं. बाकी ती बोलेल.'

असं म्हणाला? ह्याच शब्दांत? म्हणजे त्याला ठाऊक होतं मी — कधीपासून? — काय? पुन्हा बोल. तीन वर्षं? मोयालेच्या मिस्त्रीने सांगितलं? अर्थात मोयालेचा, तिथे दोन्हीकडच्या गाड्या येतात, त्याला एका नजरेत कळलं असणार. एका नजरेत! आणि मग म्हातारा काय म्हणाला? 'राहू दे'? अर्ध्या दिवसाचं काम, जॅक लावायचा, दोन काढायच्या, दोन घालायच्या, मिस्त्री पाना हातात घेऊन उभा, आणि हा म्हणतो राहू दे? 'जिने बांधलंय तिनेच सोडावं'? तीन वर्षं! म्हणजे तीन वर्षं तो मुद्दाम, ठाऊक असून, कंबर मोडून घेत, बायकांना डावीकडे बसवत, शिव्या खात — आणि मी इथे कापड तोंडावर घेऊन हसतेय, आणि तो तिथून बघतोय की मी हसतेय, आणि भोंगा वाजवतोय. दोनदा. मग हसत कोण होतं कोणाला?

थांब जरा. बोलू नकोस. तसाही तू बोलत नाहीसच.

आणि आता लसींचं काम आलंय, आणि पाणसळ, आणि सोमवार, तरी तो हात लावत नाही? गाडी कापली गेली तरी चालेल? — चालेल म्हणाला? तीस वर्षांची गाडी, तिच्यातून ह्याने नवऱ्या नेल्या, बाळंतिणी आणल्या, ती उद्या दरवाजे एकीकडे आणि इंजिन एकीकडे होणार, कारण एका बाईने एक वाक्य पुरं केलं नाही आणि ह्याने ते पुन्हा विचारलं नाही! आणि कापली की स्प्रिंगा कुठे येणार विकायला? इथेच! माझ्याच दुकानात! माझ्याच अक्षरासकट! बघ, असा हट्टी आहे. म्हणून चार गुरुवार आला नाही? गाडी उभी करून बसलाय, मी काय करते बघत? आणि तू, तुला नोकरी आहे ना त्या कामात, तू गाडी चालवणार, ते चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. म्हणून आलास. तू बिचारा दोन दगडांमध्ये.

बरं, ऐक आता. हा डॉक्टरचा संच मी तुला आज विकत नाही. बाजूला ठेवते, कापड टाकून. काम मिळालं की घालू. त्या जुन्या अकरा वर्षं मेर्तीचा रस्ता खाऊन थकल्या असतील, लसींच्या पेट्यांना नव्या लागतीलच. पण सोमवारच्या बुडबुड्यापुरत्या त्या जुन्याच पुरे, नुसती जागा बदलायची. शॉकअपला हातही लावायला नको. आणि ते मी करणार. मी, ह्या हातांनी, ह्या दारात, उद्या सकाळी. पण तू नाही आणायची गाडी. त्याला आणू दे. त्याने उतरायचं, कलत कलत का होईना, इथे यायचं आणि मला विचारायचं, 'बाई, कुठली कुठे?' बस. तीन शब्द. माफी नको, भाषण नको. आणि तेव्हा तिघे हसले होते ना? उद्याही तिघे असतील, मी बोलावून ठेवते. त्यातले दोघे अजून आहेत, तिसरा वारला, त्याच्या जागी गिरणीवाला चालेल. — आणि मी? मी काय म्हणणार? मी माझं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करणार. 'स्टेअरिंग—' पासून. अकरा वर्षं तिथेच अडकलंय ते.

नाही आला तर? येईल. तुला पाठवलं ना, म्हणजे येईल. कमरेला काय लावतो तो? काही नाही? सांग त्याला, गटविरीची आई — नाही, हे नको सांगूस. फक्त तीन शब्द सांग.

ऊठ आता, दुकान झाडायचंय मला. पाना ठेव जागेवर. अंड्यांवर पाय देऊ नकोस. आणि हे बघ, बोनाया — रस्त्यात कोणा शहाण्या मिस्त्रीला दाखवून गाडी आज सरळ करून घेऊ नका. उद्या वाकडीच आणा. एवढ्या धुळीत ओळखायची कशी मी? — काय बघतोस तोंडाकडे? जा. त्याला म्हणावं, तू स्प्रिंगांचं विचार. चहाचं मी बघते.